बनावट औषधांबद्दल आरोग्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तयार कसं करायचं: दोन सत्रांचा आराखडा

२०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा नमुना तपासणीला गेला. डिसेंबरमध्ये अहवाल आला. गोळीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन नव्हतंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे मेयोतून, याच औषधाच्या २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. लेबलवर गुजरातमधल्या ज्या कंपनीचं नाव होतं, ती कंपनी अस्तित्वातच नव्हती. पुढे पोलिसांनी दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार त्या गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्चच्या होत्या, आणि हरिद्वारमध्ये जनावरांची औषधं बनवण्याच्या जागी तयार झाल्या होत्या.

या गोळ्या रुग्णापर्यंत पोचेपर्यंत किती हातांतून गेल्या असतील याचा विचार करा. पुरवठादार, स्टोअरचा फार्मासिस्ट, वॉर्डातली सिस्टर, औषध लिहून देणारा इंटर्न. गोळी गोळीसारखी दिसत होती, पट्टी पट्टीसारखी होती. यातल्या कुणालाही महाविद्यालयात अशा प्रसंगाची तयारी करून दिलेली असण्याची शक्यता कमीच.

मी फार्मसीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. या विषयावरचा कार्यक्रम आपल्याकडे बहुतेक वेळा कसा होतो हे तुम्हालाही ठाऊक असेल: पाहुण्यांचं व्याख्यान, पडद्यावर ‘असली’ आणि ‘नकली’ खोक्यांचे शेजारी शेजारी फोटो, स्पेलिंगची चूक शोधा, टाळ्या, प्रमाणपत्रं. विद्यार्थी घरी जाताना एवढंच घेऊन जातो की नकली औषध नीट बघितलं की ओळखू येतं. नागपूरच्या गोळ्यांशेजारी ठेवायला ‘असली’ खोकं नव्हतंच, कारण कंपनीच खोटी होती. म्हणून माझं ठाम मत आहे की विद्यार्थ्याला ओळखायला शिकवण्याआधी शंका कधी घ्यायची आणि शंका आल्यावर पहिल्या तासात काय करायचं हे शिकवावं. पुढचा आराखडा त्याच बेताने केला आहे.

पायरी १: कुणाला बसवायचं, कधी बसवायचं

एकाच शाखेचा अख्खा वर्ग बसवू नका. फार्मसीच्या विद्यार्थ्याला लेबल वाचता येतं, पण रुग्णाचा ताप उतरत नाहीये हे त्याला दिसत नाही. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ते दिसतं, पण औषध कुठल्या बिलावर आलं ते तिला माहीत नसतं. वैद्यकीय किंवा आयुर्वेद शाखेचा इंटर्न औषध बदलून मोकळा होतो, आधीचं औषध का चाललं नाही हा प्रश्न तिथेच राहून जातो. तिघांना एका गटात बसवलं तरच पूर्ण चित्र जुळतं. पाच-सहा जणांचे मिश्र गट करा.

दोन सत्रं पुरतात, प्रत्येकी दोन तासांची, मध्ये आठवड्याचं अंतर. २५ सप्टेंबरचा जागतिक फार्मासिस्ट दिन किंवा नोव्हेंबरातला फार्मसी सप्ताह हे सोयीचे मुहूर्त आहेत, पण वॉर्डातली किंवा रुग्णालयातली पहिली पोस्टिंग सुरू होण्याआधीचा आठवडा त्याहून चांगला. शिकलेलं लगेच वापरायला मिळतं.

सुरुवातीलाच पाच प्रश्नांची एक चिठ्ठी भरून घ्या आणि जपून ठेवा. प्रश्न साधे ठेवा: आपल्या जिल्ह्यात अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय कुठे आहे? शंकास्पद औषध पुरवठादाराला परत करावं का? क्यूआर कोड स्कॅन झाला म्हणजे औषध खरं का? जेनेरिक आणि बनावट यांत फरक काय? एखादं औषध लागू पडलं नाही, तर ते कुठे कळवता येतं?

पायरी २: प्रकार समजावा, पण प्रकरणांमधून

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात कलम १७, १७अ आणि १७ब अशी तीन वेगळी कलमं आहेत: चुकीच्या लेबलचं, भेसळयुक्त आणि बनावट. याशिवाय चौथा, रोजच्या व्यवहारातला प्रकार म्हणजे मानकात न बसणारं औषध. परवानाधारक कंपनीचंच असतं, पण चाचणीत नापास होतं. व्याख्या फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. गटांना प्रकरणं द्या आणि कुठलं कशात बसतं यावर वाद घालू द्या.

नागपूरचं प्रकरण सोपं आहे. अस्तित्वात नसलेल्या उत्पादकाचं नाव लेबलवर असणं ही कलम १७ब मधली स्पष्ट खूण आहे, म्हणून ते बनावट.

दुसरं प्रकरण एप्रिल २०२१ मधलं, बारामतीचं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिरच्या वापरून झालेल्या व्हायल (इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या) गोळा करून त्यांत पॅरासिटामॉलचं द्रावण भरून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली. इथे व्हायल खरी, लेबल खरं, बॅच नंबर खरा. आतलं औषध तेवढं खोटं. हेही बनावटच, आणि लेबल कितीही बारकाईने वाचलं तरी इथे काही सापडणार नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्या.

तिसरं प्रकरण २०२५ चं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्याची मुलं खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. कोल्ड्रिफ या तमिळनाडूत बनलेल्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. कंपनी खरी, परवाना खरा, आणि बाटलीत विष. ही भेसळ, कलम १७अ.

इथे थोडं थांबून जे. जे. रुग्णालयाची आठवण सांगायला हवी. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईत जे. जे. मध्ये ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्येही डायएथिलीन ग्लायकॉलच होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. विष तेच, आणि वाटही तीच: औषधी दर्जाचं ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल महाग, औद्योगिक माल स्वस्त, दोन्ही गोडसर आणि रंगहीन, आणि कच्चा माल तपासण्याची पायरी कुणीतरी गाळलेली. महाराष्ट्रात शिकणाऱ्या प्रत्येक आरोग्य विद्यार्थ्याला हे प्रकरण माहीत असायलाच हवं असं मला कळकळीने वाटतं.

चौथं उदाहरण काल्पनिक ठेवा: मे महिन्यात एसटीने जालन्याला निघालेल्या पेशंटने इन्सुलिन पिशवीत तसंच ठेवलं आणि साखर आटोक्यात येईना. बरेच गट याला ‘नकली’ म्हणतात. ते नकली नाही. २ ते ८ अंशांत साठवायचं औषध उन्हात राहिल्याने बिघडलं आहे. बनावट म्हणण्याआधी साठवणूक विचारायची सवय इथून लागते.

मग आकडे सांगा. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय औषध सर्वेक्षणात ४७,०१२ नमुने तपासले गेले. त्यांत बनावट निघाले १३, आणि मानकात न बसणारे १,८५०. अंदाजित प्रमाण काढल्यावर मानकात न बसणाऱ्या औषधांचा वाटा किरकोळ दुकानांत ३ टक्के, तर सरकारी पुरवठ्यात १० टक्क्यांच्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा अंदाज मात्र कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहात एक असा आहे, पण त्यात बनावट आणि दर्जाहीन असे दोन्ही प्रकार एकत्र मोजले आहेत. हा फरक न सांगता ‘दहातलं एक औषध नकली’ असं पोस्टरवर लिहिणं चूक आहे. विद्यार्थ्यांनी प्रत्येक गोळीकडे संशयाने पाहावं हा आपला उद्देश नाही. पूर्ण बनावट औषध क्वचित सापडतं, पण जिथे सापडतं तिथे एकाच वेळी शेकडो रुग्णांच्या हातात गेलेलं असतं.

पायरी ३: एक पट्टी हातात घेऊन वाचायची

प्रत्येक गटाला रीतसर बिलावर घेतलेलं औषध द्या. नकली खोकी सरावासाठीही छापून घेऊ नका, ती पुढे कुठे जातील याचा भरवसा नाही. आता पट्टी उलटी करा आणि ओळीने वाचायला लावा.

आधी औषधाचं मूळ नाव आणि मात्रा. मग उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता: गाव, राज्य, पिनकोड. अर्धवट पत्ता ही पहिली शंका. ‘मार्केटेड बाय’ आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ ही दोन वेगळी नावं असू शकतात, आणि धरून चालायचं ते दुसरं, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादकाचं. मग उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाचा महिना, मुदत, कमाल किंमत. बॅच, मुदत आणि किंमत पट्टीवर, आतल्या खोक्यावर आणि बाहेरच्या कार्टनवर एकच आहेत का? बोटाने घासल्यावर छपाई पुसते का? कोपऱ्यात मुदतीवर दुसरा शिक्का किंवा चिकटपट्टी दिसते का? बाटली असेल तर झाकणाची कडी तुटलेली आहे का, व्हायल असेल तर अॅल्युमिनियमची कडी सैल आहे का, रबराच्या बुचावर आधीच सुईचं भोक आहे का? बारामतीसारख्या प्रकारात काही सापडलं तर इथेच सापडेल.

क्यूआर कोडचं नीट समजावा. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर कोड बंधनकारक आहे. स्कॅन केल्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख दिसायला हवी. म्हणजे हजारो औषधांवर कोड नसणं हे कायद्यानेच ठीक आहे, त्यावरून शंका घेऊ नये. उलट कोड स्कॅन झाला म्हणजे औषध खरं, असंही नाही, कारण एका खऱ्या खोक्यावरचा कोड हजार खोट्या खोक्यांवर छापता येतो. कोडमधली माहिती आणि वेष्टनावरची माहिती अक्षरन् अक्षर जुळते का, एवढंच तपासायचं. होलोग्रामचंही तसंच. आग्नेय आशियात मलेरियावरच्या आर्टेसुनेट या औषधाच्या बनावट खोक्यांवर होलोग्रामसुद्धा हुबेहूब नकली निघाले होते.

आठवडाभराचा गृहपाठ इथे द्या. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला चाचणीत नापास आणि बनावट निघालेल्या बॅचची यादी प्रसिद्ध करते. प्रत्येक गटाने एका महिन्याची यादी काढून नापास होण्याची कारणं लिहून आणायची: घटक कमी, गोळी विरघळत नाही, द्रावणात कण. बनावट म्हणून नोंदलेल्या बॅचपुढे बहुधा एक शेरा दिसतो. ज्याचं नाव लेबलवर आहे ती कंपनी सांगते की ही बॅच आम्ही बनवलेलीच नाही. या एका शेऱ्यावर वर्गात भरपूर चर्चा होते.

पायरी ४: बिल

बनावट औषधाला घुसायला वाट लागते, आणि ती वाट कागदावर दिसते. म्हणून माझ्या मते पट्टीपेक्षा बिलावर जास्त वेळ घालवावा.

किरकोळ मेडिकल दुकानाकडे नमुना (फॉर्म) २० आणि २१ चे परवाने असतात, घाऊक विक्रेत्याकडे २०ब आणि २१ब. घाऊक बिलावर हे परवाना क्रमांक, औषधाचं नाव, बॅच, मुदत आणि उत्पादक असायला हवेत. गटाला जुन्या बिलाची प्रत द्या (दुकानाचं नाव झाकून) आणि त्यातली प्रत्येक ओळ मालाशी जुळवायला लावा. मग विचारा: कुठे थांबाल?

थांबण्याच्या जागा अशा. बिलावरची बॅच आणि खोक्यावरची बॅच वेगळी. नेहमीच्या दरापेक्षा फार मोठी सूट, तीही फक्त रोखीने घेतली तर. ‘बिल उद्या पाठवतो.’ बाजारात तुटवडा असलेलं औषध एकाच माणसाकडे हवं तेवढं उपलब्ध. नवा पुरवठादार, ज्याचा परवाना कुणी पाहिलेलाच नाही. सरकारी निविदेत कधीच नाव न ऐकलेला उत्पादक: त्याच्या राज्याच्या औषध प्रशासनाकडे परवाना क्रमांक विचारायला एक ईमेल पुरतो.

दुकानदाराच्या दृष्टीनेही बिलाला वजन आहे. परवानाधारक पुरवठादाराकडून माल घेतला, नीट साठवला आणि वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, असं सिद्ध झालं तर विक्रेत्याला कायद्याच्या कलम १९ खाली संरक्षण मिळतं. बिनबिलाचा माल घेणारा ते संरक्षण स्वतःच्या हाताने सोडतो. पुढे दुकान काढणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट व्याख्यानापेक्षा लवकर पटते.

पायरी ५: रुग्ण

हा भाग नर्सिंग आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी चालवायचा. प्रश्न एकच: औषध दिलं, गुण आला नाही, आता कुठल्या क्रमाने विचार करायचा?

निदान बरोबर होतं का, मात्रा पुरेशी होती का, रुग्णाने गोळ्या खरंच घेतल्या का, उलटी झाली का, दुसऱ्या औषधाने परिणाम कमी केला का, जंतू त्या अँटिबायोटिकला दाद देत नाही का, औषध उन्हात राहिलं का. आणि या यादीत ‘औषधच सदोष असेल का’ हा प्रश्न असायलाच हवा. आज तो बहुतेकांच्या यादीत नसतो. अँटिबायोटिक लागू पडलं नाही की आपण जंतूला दोष देतो आणि वरच्या दर्जाचं औषध लिहितो. गोळीत स्टार्च असेल तर तो दोष जंतूचा नसतो. कमी घटक असलेली गोळी तर आणखी घातक, कारण ती जंतू मारत नाही, त्याला सराव देते.

एका रुग्णावरून काही ठरत नाही. एकाच बॅचचं औषध घेतलेल्या दोन-तीन रुग्णांत सारखाच अनपेक्षित प्रकार दिसला की हालचाल करायची. भूल दिल्यावर रुग्ण नेहमीसारखा शांत होत नाही, रक्त गोठू न देणारं हेपारिन चालू असूनही रक्त गोठतं, खोकल्याचं औषध सुरू असलेल्या मुलांना उलट्या होतात आणि लघवी थांबते. शेवटच्या प्रसंगात बाटली फेकू न देता जपून ठेवायला सांगणारी सिस्टर त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं काम करत असते.

म्हणूनच केसपेपरवर, निदान इंजेक्शन आणि अँटिबायोटिकसाठी तरी, बॅच नंबर लिहायची सवय लावा. आज बहुतेक वॉर्डांत लसींचा बॅच नंबर लिहिला जातो, बाकीच्यांचा नाही. मग शंका आल्यावर कुठल्या रुग्णाला काय दिलं हे शोधताच येत नाही.

पायरी ६: प्रयोगशाळेतला एक तास

फार्मसी महाविद्यालय जवळ असेल तर दुसऱ्या सत्रात हा तास जरूर घ्या.

बिलावर घेतलेल्या साध्या पॅरासिटामॉल ५०० च्या वीस गोळ्या एकेक करून तोला. २५० मिलिग्रॅमपेक्षा जड गोळीला सरासरीच्या ५ टक्के वर-खाली चालतं. दोनपेक्षा जास्त गोळ्या त्याबाहेर जाता कामा नयेत. मग विघटन: बिनआवरणाची गोळी १५ मिनिटांत फुटायला हवी. मग थोडी पूड पाण्यात हलवून गाळून घ्या आणि त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाका, निळसर जांभळा रंग येतो.

आता त्याच खऱ्या गोळीच्या पुडीवर आयोडीनचा थेंब टाका. ती काळी-निळी होते! विद्यार्थी चमकतात, कारण मोबाइलवर त्यांनी पाहिलेलं असतं की आयोडीनने निळी झालेली गोळी नकली. स्टार्च हा गोळी बांधायला आणि फुटायला मदत करणारा नेहमीचा घटक आहे, तो असंख्य खऱ्या गोळ्यांत असतो. आम्ल टाकून फसफसणं, पाण्यात तरंगणं, जाळून वास घेणं, यांतलं काहीही निकाल देत नाही. हा एक प्रयोग दाखवला की घरगुती चाचण्यांचे व्हिडिओ पुढे पाठवणं थांबतं.

दुसरा प्रयोग सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा. गोळीची पूड पातळ आम्लात विरघळवून गाळून घ्या आणि ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरा. द्रावण निळसर चमकतं. शेजारच्या नळीत फक्त स्टार्च ठेवा, ती अंधारीच राहते. नागपूरसारखी गोळी वजनात पास होऊ शकते, विघटनातही पास होऊ शकते, पण इथे चमकणार नाही. तरीही विद्यार्थ्यांना बजावा की चमक म्हणजे पुरेशी मात्रा नव्हे, आणि हा प्रयोग केवळ समजण्यासाठी आहे. निकाल देण्याचा अधिकार शासकीय विश्लेषकाचा. अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

पायरी ७: पहिला तास

सगळ्या आराखड्यात हीच पायरी मी कधीच गाळणार नाही. घड्याळ लावून, भूमिका वाटून करून घ्या. क्रम असा:

उरलेला माल वापरातून काढा, वेगळ्या खोक्यात ठेवा, वर ‘वापरू नये, चौकशीखाली’ लिहा आणि कुलूप लावा. साठवणुकीचं तापमान तेच ठेवा. पुरवठादाराला परत करू नका. ‘बदलून देतो’ असं तो लगेच म्हणेल, आणि पुरावा निघून जाईल.

न उघडलेली खोकी उघडू नका. औषध निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो, एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी, एक उत्पादक किंवा पुरवठादारासाठी. त्यासाठी पुरेसा मूळ बंद माल लागतो.

खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नाव, मात्रा, बॅच, तारखा, परवाना क्रमांक, उत्पादक, बिल क्रमांक, पुरवठादार, मिळालेली आणि उरलेली संख्या, आणि शंका नेमकी कशामुळे आली, हे एका कागदावर लिहा.

ते औषध कुणाकुणाला दिलं त्याची यादी करा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगून दुसऱ्या बॅचचं औषध सुरू करून घ्या. हे पुढच्या डोसच्या आधी व्हायला हवं.

मग कळवा. विद्यार्थ्याने आधी आपल्या वरिष्ठांना आणि फार्मासिस्टला, त्यांनी वैद्यकीय अधीक्षकांना, तिथून जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) यांना. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५ आहे. रुग्णावर दुष्परिणाम झाला असेल किंवा औषध लागूच पडलं नसेल, तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडेही नोंद करा: १८०० १८० ३०२४. ही नोंद विद्यार्थीही करू शकतो, दोष सिद्ध झालेला असण्याची अट नाही. सामान्य ग्राहकालाही कलम २६ खाली शुल्क भरून विकत घेतलेलं औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

काय करायचं नाही, तेही तेवढंच ठासून सांगा. दुकानाचं नाव स्टेटसला टाकायचं नाही, गावाच्या ग्रुपवर फोटो पाठवायचा नाही. अहवाल यायच्या आधी एखाद्या निर्दोष दुकानदाराची आयुष्यभराची पत जाऊ शकते, आणि खरा गुन्हेगार सावध होतो.

सगळ्यात अवघड असतं वरिष्ठांपुढे तोंड उघडणं. म्हणून एक प्रवेश करून घ्या. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आणि वॉर्डच्या सिस्टर:

“सिस्टर, या पट्टीवरची बॅच आणि खोक्यावरची बॅच वेगळी आहे.”

“अगं, राउंड सुरू होतोय. दे आता, नंतर बघू.”

“स्टोअरमधून दुसरं खोकं लगेच आणते, डोसला उशीर नाही होणार. ही बाजूला ठेवून तुमच्या वहीत नोंद करू का?”

वर्गाला विचारा, ती काय बरोबर बोलली. तिने कुणावर आरोप केला नाही, ‘नकली’ शब्द वापरला नाही, डोसची सोय आधी सांगितली आणि नोंद सिस्टरच्याच वहीत ठेवली. आता हाच प्रवेश सिस्टर चिडल्या तर कसा होईल ते करायला लावा. दोन-तीनदा केल्याशिवाय जीभ वळत नाही.

पायरी ८: रिकाम्या व्हायल

बारामतीला रिकाम्या व्हायल लागल्या. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीलाही त्याच लागल्या: कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनच्या वापरलेल्या व्हायल रुग्णालयातल्या लोकांकडून विकत घेऊन त्यांत फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध भरलं जात होतं. म्हणजे वॉर्डातल्या कचऱ्याची शिस्त हा थेट या विषयाचा भाग आहे. महागड्या औषधाचं लेबल मार्करने खोडा किंवा फाडा, खोकं टाकण्याआधी फाडा, व्हायलची संख्या दिलेल्या डोसशी जुळवून वहीत लिहा, आणि मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमाप्रमाणे काच निळ्या खोक्यात, कॅन्सरच्या औषधांची पिवळ्या पिशवीत. वॉर्डात काच फोडू नका, मावशी-मामांच्या हाताला लागते. या सत्राला मावशी-मामांनाही बोलवा. व्हायल विकत मागायला माणूस येतो तो त्यांच्याकडेच.

पायरी ९: लोकांत जाताना

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पथनाट्य करायची मुलांना हौस असते, जरूर करावं. पण दोन गोष्टी आधी पक्क्या करा. एक, जेनेरिक म्हणजे नकली असा समज एका वाक्यानेही वाढता कामा नये. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी त्याच कायद्याखाली, परवानाधारक कारखान्यात बनते. दोन, ऐकून घाबरलेली आजी रक्तदाबाची गोळी बंद करेल अशी भाषा नको. “आजी, गोळी बंद करायची नाही. बिल घ्यायचं, पट्टी संपेपर्यंत ठेवायची, आणि रंग-चव वेगळी वाटली तर पट्टी घेऊन इथे यायचं,” एवढं पुरे. पट्टी कापताना बॅचची बाजू शेवटी राहील अशी कापायला दुकानदारांना सांगा.

तरुणांसाठी वेगळा मुद्दा लागतो: व्यायामशाळेत मिळणारी इंजेक्शनं, समाजमाध्यमांवर विकली जाणारी वजन कमी करायची औषधं. सेमाग्लुटाइडच्या बनावट बॅचबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. परवान्याचा आणि बिलाचा प्रश्न इथेही तोच.

सहा महिन्यांनी तीच पाच प्रश्नांची चिठ्ठी पुन्हा भरून घ्या. गुण वाढले का हे बघाच, पण त्याबरोबर वॉर्डच्या वहीत किती शंका नोंदल्या गेल्या, दुष्परिणाम कळवायचे किती एडीआर फॉर्म गेले आणि केसपेपरवर बॅच नंबर दिसतो का हे मोजा. नोंदी शून्य असतील तर पायरी ७ पुन्हा घ्यावी लागेल. औषध निरीक्षकांच्या बदल्या होतात, म्हणून स्टोअरच्या दारावर लावलेली कार्यालयाची आणि फोन क्रमांकांची यादी दर जानेवारीत आणि जुलैत फोन करून तपासायची जबाबदारी एका ठरावीक वर्गप्रतिनिधीवर द्या, आणि त्याचं नाव यादीखाली लिहा.